हाड जुळेपर्यंतची सोबत

बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात १९०६च्या सुमारास १७ वर्षांच्या एका मुलाचा गुडघ्याखाली मोडलेला पाय आल्बँ लाम्बोत या शल्यविशारदांनी उघडला. हाडाचे तुकडे त्यांनी एका रेषेत आणले आणि त्यांना धातूची प्लेट बसवली. अशी शस्त्रक्रिया त्यांनी आधीही अनेकदा केली होती. नवा होता तो धातू. प्लेट मॅग्नेशियमची होती आणि ती हाडावर धरून ठेवणारे स्क्रू पोलादाचे होते. जखम शिवली गेली. थोड्याच काळात पाय सुजला, दुखू लागला आणि कातडीखाली वायू साचू लागला. आठव्या दिवशी पाय पुन्हा उघडावा लागला. प्लेट खाल्ली गेली होती.

कातडीखाली वायू म्हटला की त्या काळच्या डॉक्टरांच्या काळजात धस्स व्हायचं. पेनिसिलीन यायला अजून काही दशकं होती. जखमेत वायू तयार करणारे जंतू शिरले तर पाय कापावा लागे, कधी रुग्ण हातचा जाई. इथे मात्र वायू जंतूंचा नव्हता. तो हायड्रोजन होता. मॅग्नेशियमची शरीरातल्या पाण्याशी क्रिया झाली की एका बाजूला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं तर जवळजवळ एक लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. महिनोन्‌महिने हळूहळू सुटला तर शरीर तो शोषून घेतं. आठवड्याभरात सगळा सुटला तर त्याला जायला वाट उरत नाही.

त्या मुलाने सोसलेल्या आठ दिवसांत या विषयाचा पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न मावलेला आहे. धातू शरीरात विरघळतो की नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. तो किती दिवसांत विरघळावा आणि हे आधीच कसं ओळखायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुळात विरघळणारा धातू हवाच कशाला? आपल्याकडे ज्या घरात कुणाच्या पायात रॉड आहे, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. अपघात होतो, रॉड टाकला जातो, हाड जुळतं, माणूस चालू लागतो. मग वर्ष-दीड वर्षाने प्रश्न येतो, ‘रॉड काढायचा का?’ पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा रजा, पुन्हा खर्च. काढला नाही तर तो आतच राहतो. पोलाद हाडापेक्षा कितीतरी ताठ असतं, त्यामुळे अंगावरचा भार तेच पेलतं. भार न मिळालेलं हाड काही वेळा विरळ होत जातं. लहान मुलांचं तर आणखी अवघड. मूल वाढतं, धातू वाढत नाही.

स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत प्लेटा आणि टेकू त्याला धरून असतात, मग ते काढून घेतात. चार दिवस आधी काढले तर स्लॅब बसतो. मोडलेल्या हाडाला बसवलेली प्लेट ही एक प्रकारची सेंटरिंगच आहे, फरक इतकाच की ती काढायला माणूस पुन्हा कापावा लागतो. ही सेंटरिंग आपोआप, ठरल्या वेळी विरून गेली तर? लाम्बोतना हेच हवं होतं, आणि त्यांच्या आधीही काहींना ते हवं होतं.

तार आणि नळी

मॅग्नेशियम वेगळं काढलं ते हम्फ्री डेव्ही यांनी, १८०८मध्ये लंडनला. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५२मध्ये विजेच्या साहाय्याने ते मिळवण्याचं पात्र तयार केलं आणि हा धातू प्रयोगशाळेबाहेर पडू लागला. त्याचा पहिला उपयोग उजेडासाठी झाला. १८६०च्या दशकात छायाचित्रकार मॅग्नेशियमची तार जाळून अंधाऱ्या जागी फोटो काढू लागले. आपल्या शाळांतल्या मुलांनाही हा धातू त्याच रूपात भेटतो. चिमट्यात धरलेली फीत, डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आणि मागे उरलेली पांढरी राख.

त्याच जातीची तार १८७८मध्ये अमेरिकन डॉक्टर एडवर्ड ह्यूज यांनी माणसाच्या शरीरात वापरली. तीन रुग्णांच्या रक्तवाहिन्या त्यांनी मॅग्नेशियमच्या तारेने बांधून रक्तस्राव थांबवला. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशकात भिजवलेलं कॅटगट, म्हणजे जनावराच्या आतड्याचा धागा, वापरात आणून दहा वर्षंही झाली नव्हती. शरीरात जिरून जाणारा टाका ही कल्पना डॉक्टरांच्या ओळखीची होऊ लागली होती. ह्यूज यांनी तीच कल्पना धातूवर आजमावली. त्यांनी टिपलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. तार शरीरात किती काळ टिकते हे तिच्या जाडीवर अवलंबून असतं. वेळेचं गणित धातूच्या आकाराशी बांधलेलं आहे, हे सांगणारी ही पहिली नोंद.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे एर्विन पायर यांनी हा विषय हौसेपलीकडे नेला. १९००मध्ये त्यांनी तुटलेली रक्तवाहिनी जोडण्याची एक रीत मांडली. मॅग्नेशियमच्या पातळ नळीतून वाहिनीचं एक टोक ओवायचं, ते मोज्यासारखं नळीवर उलटं फिरवायचं आणि त्यावर दुसरं टोक चढवून बांधायचं. आतून वाहिनीच्या अस्तराला अस्तर चिकटतं, रक्ताला धातू लागत नाही. जोड पक्का होईपर्यंत नळी टिकते, मग विरून जाते. यकृत, प्लीहा अशा मऊ अवयवांना टाका घातला की तो अवयव फाडतो. तिथे टाक्याखाली आधार म्हणून त्यांनी मॅग्नेशियमच्या पातळ चकत्या वापरल्या. रक्तवाहिन्यांच्या गाठींमध्ये मॅग्नेशियमच्या सुया टोचून त्या गाठी आतून गोठवण्याचाही प्रयत्न त्यांनी केला.

पायर यांच्या नळीचा एक प्रवास फारसा कुणाला माहीत नाही. १९०२मध्ये व्हिएन्नात एमेरिख उलमान यांनी एका कुत्र्याचं मूत्रपिंड काढून त्याच्याच मानेत बसवलं. तिथल्या रक्तवाहिन्यांना ते जोडायला त्यांनी पायर यांच्या पद्धतीच्या नळ्या वापरल्या. मानेतल्या मूत्रपिंडातून लघवी ठिबकू लागली. अवयव एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी जगवता येतो, याचा हा पहिला पुरावा. अवयव प्रत्यारोपणाचा इतिहास जिथे सुरू होतो, तिथे विरघळणाऱ्या धातूची नळी आहे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये अलेक्सी कारेल यांनी रक्तवाहिन्या बारीक सुईदोऱ्याने थेट शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि नळ्यांची गरज संपत गेली. कारेल यांना १९१२मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. मॅग्नेशियमला आता हाडाकडे वळावं लागलं.

गीझरमधला रॉड आणि मुलाचा पाय

लाम्बोत हातांनी घडवणारे गृहस्थ होते. शस्त्रक्रियेची हत्यारं ते स्वतः बनवत. फावल्या वेळात ते व्हायोलिन तयार करत, आणि ती वाजवण्याजोगी असत. थोरला भाऊ एली शल्यविशारद होता, मोडलेल्या हाडांवरची शस्त्रक्रिया आल्बँ त्याच्याच हाताखाली शिकले. १९०२मध्ये त्यांनी हाड बाहेरून धरून ठेवणारा सांगाडा तयार केला. हाडाचे तुकडे धातूने जोडण्याला आज जगभर ‘ऑस्टिओसिंथेसिस’ म्हणतात, तो शब्द त्यांच्या १९०७च्या ग्रंथाने रूढ केला. व्हायोलिन करणाऱ्याला लाकूड कसं वागतं ते बोटांना कळतं. धातू शरीरात कसा वागतो, हे मात्र बोटांना कळण्याजोगं नव्हतं.

त्या मुलाच्या पायात काय घडलं, ते समजायला घरातला गीझर पुरे. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड बसवलेला असतो. टाकी पोलादाची, आत गरम पाणी. दोन धातू एकाच पाण्यात जोडलेले असले की त्यांच्यात बॅटरीसारखा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ज्याचा इलेक्ट्रॉन सोडण्याकडे कल जास्त, तो धातू झिजतो. लोखंडाचं प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट, मॅग्नेशियमचं उणे २.३७ व्होल्ट. नेहमी वापरातल्या धातूंमध्ये इतका उदार दुसरा नाही. म्हणून टाकी वाचते, रॉड संपतो आणि काही वर्षांनी प्लंबर तो बदलून देतो. मुलाच्या पायात क्षारयुक्त, ३७ अंश तापमानाचं पाणी होतं, पोलादी स्क्रू होते आणि त्यांना टेकलेली मॅग्नेशियमची प्लेट होती. स्क्रू वाचले. प्लेट गीझरमधल्या रॉडसारखी संपली, आणि वर्षांचं काम तिने दिवसांत उरकलं.

लाम्बोतनी हा नाद सोडला नाही. त्यांचे शिष्य जाँ व्हेरब्रुग यांनी प्राण्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. प्लेटही मॅग्नेशियमची आणि स्क्रूही मॅग्नेशियमचे, दुसरा धातू जवळ नको. प्राण्यांमधल्या या प्लेटा आणि स्क्रू काही महिन्यांत जिरून गेले आणि भोवतीचं हाड सुदृढ राहिलं. मग दोघांनी माणसाकडे वळताना चार लहान मुलं निवडली. चौघांच्याही दंडाचं हाड कोपराच्या वर मोडलेलं होतं. पसरलेल्या हातावर पडणाऱ्या मुलांचं हेच हाड मोडतं. धातू वर्षभरात नाहीसा झाला आणि हात पूर्ववत चालू लागले.

ही निवड किती शहाणपणाची होती हे आज मागे वळून पाहताना दिसतं. लहान मुलाचं कोपराजवळचं हाड काही आठवड्यांत जुळतं आणि त्यावर शरीराचा भार येत नाही. धातूचा वेग त्यांच्या हातात नव्हता, पण कोणत्या हाडाला तो वेग चालेल हे ठरवणं त्यांच्या हातात होतं.

१९३२मध्ये, वयाच्या साठीनंतर, लाम्बोतनी मॅग्नेशियमवरचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. शीर्षकात त्यांनी फ्रेंच शब्द योजला ‘मातेरियल पेर्द्यू’, म्हणजे परत न घेण्याचं साहित्य. मुलाच्या पायाची फसलेली शस्त्रक्रिया या गुरु-शिष्यांनी लपवून ठेवली नाही. आठव्या दिवशी काय दिसलं हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून ते आज आपल्याला कळतं. वैद्यकात यश नोंदवणारे पुष्कळ असतात. पंचवीस वर्षांपूर्वीचं अपयशही जगापुढे मांडणाऱ्यांचं ऋण फार मोठं असतं, कारण पुढच्या माणसाचा रुग्ण त्यामुळे वाचतो.

दहा लाखांत पाच भाग

१९३०च्या दशकात अमेरिकेत ओक्लाहोमाचे डॉ. अर्ल मॅकब्राइड यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे स्क्रू, खुंट्या आणि प्लेटा रुग्णांमध्ये वापरल्या आणि १९३८मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. मॅग्नेशियममध्ये थोडं अॅल्युमिनियम आणि मँगॅनीज मिसळलं की धातू टणक होतो आणि कमी झिजतो, हे एव्हाना कळलं होतं. सोव्हिएत संघात १९४०च्या दशकात ट्रॉइत्स्की आणि त्सित्रिन यांनी मॅग्नेशियम-कॅडमियमच्या मिश्रधातूने न जुळणारी हाडं जोडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या ३४ रुग्णांपैकी ९ जणांत तो फसला. कॅडमियम शरीराला किती घातक आहे, याची पुरती जाणीव त्या काळी नव्हती.

या सगळ्यांच्या निकालांत एक गोंधळ सतत दिसतो. एकाचा स्क्रू महिनोन्‌महिने टिकतो, दुसऱ्याचा काही आठवड्यांत फुगवटा करून संपतो. तोच धातू, तसंच हाड, मग फरक कुठून येतो? याचं उत्तर शस्त्रक्रियागृहात सापडलं नाही. ते १९४२मध्ये अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधकांनी दिलं. हॅनावॉल्ट, नेल्सन आणि पेलुबे यांनी मॅग्नेशियममधली अशुद्धी मोजून मोजून बदलली आणि प्रत्येक नमुना खाऱ्या पाण्यात ठेवला. त्यांना दिसलं की गंजण्याचा वेग हळूहळू वाढत नाही. एका ठरावीक मर्यादेपर्यंत धातू शांत असतो आणि ती ओलांडली की तो भराभर झिजू लागतो. लोखंडासाठी ती मर्यादा होती दहा लाखांत १७० भाग. निकेलसाठी फक्त ५.

दहा लाखांत पाच भाग निकेल. मॅग्नेशियमच्या आत विखुरलेला लोखंडाचा किंवा निकेलचा कण म्हणजे तिथे दडलेला एक सूक्ष्म पोलादी स्क्रूच. मुलाच्या पायात जे घडलं, तेच हे कण प्रत्येक ठिकाणी छोट्या प्रमाणावर घडवत होते. पायर, लाम्बोत, मॅकब्राइड यांच्या हाती आलेला धातू किती शुद्ध होता, हे मोजण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांचे निकाल इतके वेगवेगळे का आले, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

पण उत्तर मिळालं तेव्हा प्रश्न विचारणारेच निघून गेले होते. न गंजणारं पोलाद १९२०च्या दशकात आलं होतं. १९३७मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे व्हेनेबल आणि स्टक यांनी शरीरात दोन वेगळे धातू एकत्र असले की विद्युतक्रियेने हाडाचं कसं नुकसान होतं, हे प्रयोगाने दाखवलं आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या जवळजवळ न झिजणाऱ्या मिश्रधातूला, व्हिटॅलियमला, दारं उघडली. महायुद्धानंतर टायटॅनियम आलं. पेनिसिलीनमुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेची भीतीही कमी झाली. न झिजणारा धातू घालायचा, गरज पडली तर काढायचा. हा मार्ग सरळ होता आणि त्याने कोट्यवधी लोकांना पायावर उभं केलं. मॅग्नेशियम मोटारी, विमानं आणि गीझर यांच्याकडे गेलं. हाडाने त्याला जवळजवळ पन्नास वर्षं विचारलं नाही.

समुद्राचं पाणी आणि रक्त

ते परत आलं रक्तवाहिनीच्या वाटेने. हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिनीत बसवायची जाळी, म्हणजे स्टेंट, सहसा न विरघळणाऱ्या धातूची असते. तिचं काम काही महिन्यांचं. वाहिनीची भिंत भरून आली की जाळीचा उपयोग संपतो, पण ती आयुष्यभर तिथेच राहते. २००१मध्ये मॅथियास पॉयस्टर यांनी शुद्ध लोखंडाचे स्टेंट सशांच्या महाधमनीत बसवून दाखवले. गुठळी झाली नाही, पण लोखंड फारच सावकाश झिजत होतं. २००३मध्ये हॅनोव्हरच्या बेर्न्ड हॉयब्लाइन यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे २० स्टेंट ११ डुकरांच्या हृदयवाहिन्यांत बसवले. लोखंड उशिरा जाई, मॅग्नेशियम लवकर. दोन टोकांच्या मध्ये हवी ती वेळ कुठेतरी होती.

त्याच हॅनोव्हरमध्ये फ्रांक विट्टे हाडाचा प्रश्न पुन्हा हातात घेत होते. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी मॅग्नेशियमच्या चार मिश्रधातूंच्या बारीक सळया गिनीपिगच्या मांडीच्या हाडात बसवल्या, आणि तुलनेसाठी विरघळणाऱ्या प्लॅस्टिकच्याही. कातडीखाली वायूचे फुगे आले. पहिल्या आठवड्यात आले, सुईने काढता आले आणि दोन-तीन आठवड्यांनी येणं थांबलं. सळईवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसला, म्हणजे हाड ज्या द्रव्याचं बनतं तेच. मॅग्नेशियमभोवती नवं हाड प्लॅस्टिकच्या सळईपेक्षा जास्त तयार झालं. धातू नुसता सहन होत नव्हता, हाडाला तो मानवत होता. यात फार आश्चर्यही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम मुळातच असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत.

पण विट्टे यांचा पुढचा निष्कर्ष सगळ्या प्रयोगशाळांना विचारात पाडणारा होता. धातू गंजतो किती, हे मोजण्याच्या ठरलेल्या पद्धती होत्या. नमुना वजन करून समुद्राच्या पाण्यासारख्या द्रावणात बुडवायचा, ठरावीक काळाने पुन्हा वजन करायचं, किंवा विजेचा दाब देऊन प्रवाह मोजायचा. जहाजं आणि यंत्रं बांधणाऱ्यांसाठी या पद्धती उत्तम. २००६मध्ये विट्टे यांच्या गटाने त्यांपैकी दोन मिश्रधातू आधी या पद्धतींनी आणि मग गिनीपिगच्या हाडात तपासले. हाडातला वेग चंचुपात्रातल्या वेगापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी निघाला. शिवाय क्रमही उलटा. चंचुपात्रात जो मिश्रधातू जास्त टिकला, तो हाडात आधी झिजला. फक्त पात्रावर विसंबून निवड केली असती तर रुग्णाच्या वाट्याला नेमका चुकीचा धातू आला असता.

असं का व्हावं? शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याचं भांडं नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण रक्तापेक्षा पाचपट, आणि क्लोराइडच धातूवरचं संरक्षक आवरण फोडत असतं. रक्तात प्रथिनं आहेत, ती धातूवर चिकटतात. कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट आम्लता सांभाळतात, फॉस्फेट आणि कॅल्शियम थर बनवतात. हाडाच्या आत द्रव अगदी संथ फिरतो, रक्तवाहिनीत तो धावत असतो. म्हणून एकाच मिश्रधातूचा वेग हाडात एक, स्नायूत दुसरा आणि धमनीत तिसरा. तेव्हापासून चाचणीची रीत बदलत गेली. समुद्राच्या पाण्याच्या जागी रक्तातल्या क्षारांशी जुळणारं द्रव, त्यात प्रथिनं, ३७ अंश तापमान, भोवती कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा. गंज मोजण्यासाठी सुटणारा हायड्रोजन उलट्या नळीत गोळा करायचा. प्राण्याच्या हाडातला स्क्रू सूक्ष्म सीटी स्कॅनने महिन्यामागून महिना तपासायचा, म्हणजे तो किती उरला हे कापाकापी न करता दिसतं. धातू पेशींना विषारी आहे का, हे तपासण्याचे नियमही मॅग्नेशियमसाठी जुळवून घ्यावे लागले. एका पात्रात अडकलेल्या पेशीवर विरघळलेल्या धातूचा जो भार पडतो, तो वाहत्या रक्तात पडत नाही.

मिश्रधातूतल्या प्रत्येक घटकाला आता हिशेब द्यावा लागतो. अॅल्युमिनियम ताकद देतं, पण मज्जासंस्थेला ते बरं नाही. इट्रियम आणि दुर्मीळ मृदा धातू वेग आवरतात, पण शरीरात त्यांना मुळात काही काम नाही. म्हणून काही जण कॅल्शियम आणि जस्ताकडे वळले, जे शरीराच्या ओळखीचे आहेत. २००९मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात मॅग्नेशियम, जस्त आणि कॅल्शियम इतक्या वेगाने थंड केलं गेलं की धातू काचेसारखा झाला, आणि प्राण्यांमध्ये त्याभोवती वायूचे फुगे दिसले नाहीत. २०१३मध्ये मिशिगनच्या एका गटाने शुद्ध जस्ताची तार उंदरांच्या महाधमनीत ठेवून दाखवलं की ती मॅग्नेशियमपेक्षा सावकाश आणि लोखंडापेक्षा लवकर जाते.

पावणेदोन किलोचं बाळ

२००५मध्ये जर्मन डॉक्टरांनी एका बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. ते वेळेआधी जन्मलेलं होतं. सहा आठवड्यांचं वय, वजन १.७ किलो. डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडली होती. ती उघडून धरायला जाळी हवी होती, पण पोलादाची जाळी अशा बाळाला घातली तर वाहिनी वाढणार आणि जाळी आहे तेवढीच राहणार. उद्या तीच गळफास होणार. डॉक्टरांनी मॅग्नेशियमचा स्टेंट बसवला. फुफ्फुसाला रक्त मिळू लागलं. पाच महिन्यांत स्टेंट विरघळून गेला आणि वाहिनी उघडीच राहिली. मूल वाढतं, धातू वाढत नाही, या अडचणीतून बाहेर पडण्याची ही पहिली खरी वाट होती.

मोठ्यांमध्ये मात्र धातूने पुन्हा घाई केली. २००७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्या हृदयवाहिन्यांत मॅग्नेशियमचे ७१ स्टेंट बसवले होते. कुणी दगावलं नाही, कुणाच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली नाही. पण वर्षभरात जवळजवळ ४५ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा उघडावी लागली. स्टेंट सुरक्षित होता, तो लवकर गेला होता. सेंटरिंग आधी काढली की स्लॅब बसतो, ते इथे घडलं. पुढच्या पिढीत मिश्रधातू बदलला, जाळीचा आकार बदलला आणि वर औषधाचा लेप आला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२३ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी अपयशाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच वर्षी हा स्टेंट युरोपात विक्रीला मान्य झाला.

हाडाचं घड्याळही जुळू लागलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅनोव्हरमध्ये २६ रुग्णांच्या पायाच्या अंगठ्याचं वाकडं झालेलं हाड सरळ करण्यात आलं. निम्म्यांना टायटॅनियमचा स्क्रू, निम्म्यांना मॅग्नेशियमचा. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. त्याच वर्षी हॅनोव्हरच्याच सिंटेलिक्स कंपनीच्या स्क्रूला युरोपची मान्यता मिळाली. कोरियात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचे स्क्रू हाताच्या हाडांत वापरले गेले. २०१६मध्ये त्यांच्या ५३ रुग्णांचा अभ्यास आला आणि वर्षभरात स्क्रूच्या जागी रुग्णाचं स्वतःचं हाड आलेलं दिसलं.

हे यश खरं आहे, आणि त्याची हद्दही खरी आहे. अंगठा, मनगट, कोपर ही लहान हाडं आहेत, लवकर जुळणारी, कमी भाराची. लाम्बोत आणि व्हेरब्रुग यांनी चार मुलांच्या कोपराजवळ हाड जोडलं, ती निवड आजही या शास्त्राची मर्यादा आखते आहे. मोटारसायकलच्या अपघातात मोडलेल्या मांडीच्या हाडाला आजही टायटॅनियमचा किंवा पोलादाचाच रॉड लागतो. ते हाड जुळायला महिने लागतात, दर पावलाला त्यावर सगळ्या शरीराचा भार येतो, आणि इतका काळ इतका भार झेलेल असं मॅग्नेशियम अजून कुणाला करता आलेलं नाही.

म्हणून प्रयोगशाळेत रोज सकाळी कुणीतरी कोमट द्रवातून धातूचा तुकडा बाहेर काढतं, पुसतं, वजन करतं आणि वहीत आकडा लिहितं. काल किती होता, आज किती उरला. ह्यूज यांनी १८७८मध्ये तारेच्या जाडीबद्दल जे टिपलं, त्याच नोंदीची ही पुढची ओळ आहे. ज्या दिवशी तो आकडा मांडीच्या हाडाच्या वेळेशी जुळेल, त्या दिवसानंतर ‘रॉड कधी काढायचा?’ हा प्रश्न आपल्या घरांत कुणाला विचारावा लागणार नाही. तोवर अँटवर्पच्या त्या मुलाचे आठ दिवस विसरून चालणार नाही. धातूने केव्हा जायचं हे विचारायला शिकवलं ते त्या दिवसांनी.